चारशे बारा क्लिकची रेघ

आमच्या नकाशा विभागात दोन प्रकारची माणसं होती. एका प्रकारात मी आणि बाकीचे सगळे, दुसऱ्या प्रकारात एकटे काटेकोरराव. हे त्यांचं खरं नाव नव्हे हे सांगायला नको. खरं नाव पगाराच्या कागदाखेरीज कुणी कुठे वापरलेलं मी ऐकलं नाही, आणि इथे वापरलं तर ऑफिसातल्या निम्म्या लोकांना हा कोण नवीन माणूस असं वाटेल.

दुसऱ्या मजल्यावर लांबट खोलीत आमची टेबलं एकमेकांना चिकटून होती. त्यांचं खिडकीशी, माझं त्यांच्या शेजारी. एकतीस वर्षं त्यांनी त्या खोलीत रेघा काढल्या. आधी उतरत्या टेबलावर शाईने, मग संगणकावर. शाईच्या काळातही त्यांच्याकडे खोडरबर नव्हता. कुणी मागितला तर म्हणायचे, "खोडावी लागेल अशी रेघ काढायचीच कशाला?" हे ते फुशारकीने म्हणत नसत, खरोखरच विचारत असत, आणि त्यामुळे जास्त राग यायचा. सगळ्यांना अहो-जाहो करायचे. जिन्यातल्या मांजरालासुद्धा "अहो, जरा बाजूला व्हा" म्हणताना मी त्यांना ऐकलंय.

मग आमच्याकडे नवीन प्रणाली आली. म्हणजे असं, की संगणकावर अख्ख्या शहराचा नकाशा उघडायचा, त्यात प्रत्येक घर एक छोटा करडा तुकडा. 'क्षेत्र आखा' हे बटण दाबलं की बाणाचं अधिकचं चिन्ह व्हायचं. हव्या त्या भागाभोवती क्लिक करत जायचं, पहिल्या ठिपक्याशी परत येऊन दोनदा क्लिक केलं की रेघेचं कुंपण पुरं. आतली घरं नारिंगी व्हायची, बाहेरची करडीच राहायची, आणि उजवीकडे आतल्या घरांची यादी तयार. रस्ता, पाणी, दिवे, काय द्यायचं असेल ते त्या यादीला द्यायचं. पूर्वी यासाठी वस्तीत जाऊन दारोदार फिरावं लागायचं. आता उंटावरून शेळ्या हाकायची रीतसर सोय झाली होती, आणि उंट वातानुकूलित खोलीत बसवला होता. साहेबांनी या प्रणालीवर तीन शहरांत भाषणं दिली.

माझी पद्धत सोपी होती. वस्ती कुठलीही असो, चार कोपऱ्यांवर चार क्लिक, की घोडं गंगेत न्हालं. माझ्या चौकोनात काय काय यायचं विचारू नका. एकदा तळ्यावरचं पंपघर आलं आणि त्याला घरगुती पाण्याची जोडणी मंजूर झाली. पंपघराने तक्रार केली नाही. ज्याला फुकट मिळतं तो कधीच तक्रार करत नाही, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. तरीही कधीमधी बोंब व्हायचीच. माझ्या सेवापुस्तकात तोवर बारा चुका लागल्या होत्या आणि माझं काहीही बिघडलं नव्हतं.

काटेकोररावांच्या सेवापुस्तकात त्या रकान्यात एकतीस वर्षं काहीच नव्हतं. पान कोरं. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि ते पान तसंच घेऊन बाहेर पडायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी परदेशात, घरात एक रेडिओ. माणसाला काहीतरी आपलं म्हणायला लागतं. त्यांनी ते पान धरलं होतं.

तर चढावरच्या वस्तीला नळ द्यायचं ठरलं. एकशे चाळीस घरं, तिथे आठवड्यातून तीनदा टँकर यायचा. आदेशात हद्द स्पष्ट लिहिली होती: तीन बाजूंना नाला, शाळेचं कुंपण आणि मैदान, चौथ्या बाजूला, म्हणजे रस्त्याकडे, घरांच्या भिंतीपर्यंत. काम काटेकोररावांकडे आलं. मी असतो तर चहा यायच्या आत उरकलं असतं. त्यांनी दोन दिवस घेतले. नाल्याचं प्रत्येक वळण, कुंपणाचा प्रत्येक खांब, आणि रस्त्याकडे एकेका घराची भिंत, पायरी सोडून, ओटा सोडून, बरोब्बर भिंत. चारशे बारा क्लिक. मी मोजत होतो असं नाही, खाली कोपऱ्यात आकडा दिसायचा. रेघ पुरी झाल्यावर ते जरा मागे सरले आणि चष्मा पुसला. खरं सांगतो, ती रेघ सुंदर होती. यादी निघाली, साहेबांची सही झाली, वस्तीच्या फलकावर लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची थोरली बहीण जिना चढून वर आली. सत्तरीची बाई, दोन्ही गुडघे गेलेले. दारात कठडा धरून दम घेतला आणि मग आत आली. तिला मी पूर्वी दोनदा पाहिलं होतं. ती चढावरच्या वस्तीत राहायची, रस्त्याकडच्या पहिल्या ओळीत.

"धाकट्या," ती म्हणाली, "यादीत माझं घर नाही."

काटेकोरराव उठले, तिला स्वतःची खुर्ची दिली. "असं कसं होईल, ताई?"

"ते मी तुला विचारायला आले. माझं नाही, शेजारणीचं नाही. रस्त्याकडची आख्खी ओळ नाही, तेवीस घरं. मागच्या सगळ्यांना नळ. नळी आमच्या उंबऱ्याखालून खणून नेतायत आणि आम्ही टँकरपुढे रांगेत."

त्यांनी नकाशा उघडला, रेघ मोठी करून पाहिली. अगदी एक वीट दिसेल इतकी मोठी केली. मग ते त्यांच्या नेहमीच्या शांत आवाजात म्हणाले, "रेघ बरोबर आहे, ताई."

त्या क्षणी दुसरं काहीही बोलले असते तरी चाललं असतं. म्हातारी म्हणाली, "रेघ असेल रे बरोबर. माझ्या हातात बादली आहे." एवढं बोलून ती उठली. मी तिला जिन्याखालपर्यंत सोडायला गेलो. ती प्रत्येक पायरीला थांबत होती आणि मला, एका परक्या माणसाला, सांगत होती की लहानपणी हाच तिच्या पाठीवर बसून विहिरीवर यायचा.

रविवारी काटेकोररावांनी मला बोलावलं. मोजपट्टीचं दुसरं टोक धरायला कुणीतरी हवं होतं. मी का गेलो मला माहीत नाही. रविवारी मी घरच्या कामालाही उठत नाही. तेवीस भिंती आम्ही मोजल्या. ते वाकून आकडे वहीत लिहीत होते आणि गल्ली दारादारात उभी राहून बघत होती. शेजारच्या न्हाव्याने विचारलं, "आता आमची घरं मोजून मग आम्हालाच सांगणार का, की ती इथे नाहीत?" काटेकोरराव म्हणाले, "नाही हो, घरं आहेतच. मी रेघ तपासतोय." न्हावी हसला. मला त्याचा राग आला आणि त्याचं पटलंही.

रेघ बरोबर निघाली. कुठेच बोटभरही फरक नाही. ताईने आम्हाला घरात बोलावून चहा दिला, तिच्या पिंपात पाणी तळाशी होतं तरी. मग कप उचलता उचलता ती भावाला हळूच म्हणाली, "मला एकच सांग. मुद्दाम केलंस ना?"

"काय मुद्दाम?"

"उद्या कुणी म्हणायला नको की ऑफिसातल्या माणसाने बहिणीला नळ दिला. तुझं नाव स्वच्छ राहायला हवं. म्हणून मला बाहेर ठेवलंस, आणि एकटी दिसू नये म्हणून आख्खी ओळ ठेवलीस. गल्लीत सगळे तेच म्हणतायत. माझ्यापायी त्यांचंही पाणी गेलं म्हणतात."

"तसं नाही, ताई."

"मग कसं आहे?"

रेघ बरोबर आहे हे एकच उत्तर त्यांच्याकडे होतं आणि ते एकदा देऊन झालं होतं. परत येताना ते माझ्या पुढे झपझप चालत होते. मला वाटलं होतं ते बहिणीवर चिडले असतील, पण त्यांना लागलं होतं. जन्मापासून ओळखणाऱ्या माणसाला आपण असे वाटतो, हे त्यांना मोजपट्टीने मोजता येत नव्हतं.

सोमवारी मी, ज्याने आयुष्यात कधी काही तपासलं नाही, तपासायला बसलो. तीच वस्ती, माझे चार क्लिक. तेवीसच्या तेवीस घरं नारिंगी झाली. सोबत शाळेची मुतारी आणि रस्त्यापलीकडचा केरोसीनचा डेपोही. म्हणजे घरं नकाशात होती, रेघ बरोबर होती आणि तरी यादी चूक होती. मग प्रणालीत शोधत शोधत एका कप्प्याच्या आतल्या कप्प्यात दोन छोटी वर्तुळं सापडली. एकाशी लिहिलं होतं, 'पूर्णपणे आत असलेली घरे'. दुसऱ्याशी, 'रेघेला स्पर्श करणारीही घरे'. पहिलं निवडलेलं होतं. प्रणाली बसवणाऱ्याने पहिल्या दिवशी निवडलं आणि त्यानंतर तो कप्पा कुणी उघडलाच नव्हता.

आता यातली गंमत अशी. भिंतीवर बरोब्बर रेघ काढली की घर रेघेला चिकटतं. क्लिक केसभर आत पडला की घराचा कोपरा केसभर बाहेर राहतो. आपल्या डोळ्याला ते दिसत नाही, यंत्राला दिसतं, आणि यंत्र म्हणतं घर पूर्णपणे आत नाही, चला बाहेर. माझ्यासारख्या गबाळ्याची रेघ कुठल्या घराच्या जवळपासही जात नाही, म्हणून माझ्या वस्तीत सगळे आत. जो जितका नेमका, तितकी त्याच्या हातून माणसं बाहेर. मी काटेकोररावांना दाखवलं. त्यांनी ती दोन वर्तुळं बराच वेळ पाहिली. "म्हणजे आजवर माझ्या सगळ्या याद्यांत—" एवढंच म्हणाले आणि पाणी प्यायला उठून गेले.

दुसरं वर्तुळ निवडावं म्हटलं तर त्याला कुलूप. कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. तक्रार नोंदवली, क्रमांक दिला, पंचेचाळीस दिवसांत उत्तर येईल म्हणाली. इकडे चढावर नळ्या टाकायचं काम नऊ दिवसांत संपणार होतं, आणि मग गल्लीवर काँक्रीट. काँक्रीट पडलं की पाच वर्षं खणायला बंदी. पाच वर्षांनी ताई पंच्याहत्तर.

मग साहेब. साहेबांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, अगदी मान डोलावत. मग म्हणाले, "वर्तुळ बदललं तर आधीच्या सत्तेचाळीस याद्यांचं काय? लोक म्हणतील त्याही चुकीच्या."

"त्याही चुकीच्या असतील, साहेब," काटेकोरराव म्हणाले.

"म्हणूनच म्हणतोय बदलू नका." साहेबांनी खणातून एक फॉर्म काढला. "प्रणाली चुकत नाही. माणूस चुकतो, म्हणून तर प्रणाली आणली. हा चूकदुरुस्तीचा अर्ज भरा, रेघ पुन्हा काढा, मी आजच्या आज सही करतो. मलाही तुमच्या बहिणीला पाणी द्यायचंय हो."

अर्जात कारणासाठी तीन चौकटी होत्या: कर्मचाऱ्याची चूक, कर्मचाऱ्याची गंभीर चूक, आणि नैसर्गिक आपत्ती. चौथी नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे मी ऐकून होतो, पण संन्याशाने फाशीचा अर्ज स्वतः तीन प्रतींत भरायचा असतो हे मला नवीन होतं.

काटेकोररावांनी अर्ज घडी न घालता खणात ठेवला. एक दिवस गेला, दुसरा गेला. ते दुसरीच कामं करत होते, पण मी शेजारीच बसायचो, मला दिसायचं. खण उघडायचा, अर्ज बघायचा, खण बंद. तिसऱ्या दिवशी माझ्याच्याने राहवलं नाही. "अहो, माझ्या नावावर टाका," मी म्हटलं. "माझ्या बारा आहेत, तेरावी कुणाच्या डोळ्यातही येणार नाही. लिहा की रेघ मी काढली होती."

"रेघ माझी आहे," ते म्हणाले. "तुमच्या नावावर कशी लिहू?"

"मग माझ्यासारखे चार क्लिक मारा आणि मोकळे व्हा."

"आणि डेपोला नळ देऊ?" ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तुम्हाला सांगतो, चूक केली असती तर मी केव्हाच लिहिलं असतं. पण मी केलेली नाही. न केलेली चूक लिहायची कशी, हेच मला समजत नाही. खोटं लिहायची सवय नाही हो."

मला तेव्हा त्यांचा इतका संताप आला की मी तडक उठून कँटीनला गेलो. तुमचं ते कोरं पान तुम्हाला पांघरायला होणार आहे का, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. विचारलं नाही हे बरं झालं. संताप त्यांचा नव्हताच. एवढी वर्षं शेजारी बसून मी ज्या पानाला हसलो होतो, ते हरवेल या भीतीने मलाच कसंतरी होत होतं.

सातव्या दिवशी सकाळी ते माझ्याआधी आलेले होते. समोर अर्ज. पहिल्या चौकटीत बरोबर मधोमध खूण केलेली. खाली 'चुकीचे स्वरूप' या मथळ्याखाली त्यांच्या छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: "रेघ भिंतीला लागून काढली. भिंतीपासून हातभर बाहेरून काढायला हवी होती. चूक सर्वस्वी माझी." तिन्ही प्रतींत तेच.

मग त्यांनी नवी रेघ काढायला घेतली. आदेशात हद्द भिंतीपर्यंत होती. हातभर बाहेर म्हणजे सरळ रस्त्यावर. एकतीस वर्षांत पहिल्यांदा हा माणूस जाणूनबुजून चुकीची रेघ काढत होता, आणि तीसुद्धा कशी, तर तेवीस घरांपासून सगळीकडे सारख्या अंतरावर. पायरी आली की रेघ पायरीभोवती फिरे, ओटा आला की ओट्याभोवती. संध्याकाळपर्यंत लागला. शेवटी दोनदा क्लिक केलं आणि रस्त्याकडची ओळ एकदम नारिंगी झाली. मी टाळी वाजवणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून हात खाली घेतला.

साहेबांनी शब्द पाळला, त्याच दिवशी सही केली. चूक सेवापुस्तकात लाल शाईने चढली. आठवड्याने वार्षिक समारंभ होता. दरवर्षी निर्दोष कामाची एक पाटी मिळते. त्या वर्षी ती काटेकोररावांनाच मिळणार हे शिपायालाही माहीत होतं. आता ते नाव गळलं, दुसरं कुणी त्या पात्रतेचं विभागात नव्हतंच. म्हणून पाटी नव्या प्रणालीला देण्यात आली. प्रणालीच्या वतीने ती साहेबांनी स्वीकारली आणि प्रणाली किती विनम्र आहे यावर दहा मिनिटं बोलले. काटेकोरराव तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

काँक्रीट पडायच्या आदल्या दिवशी ताईकडे नळ आला. तिने भावाला निरोप धाडला आणि मोजपट्टीवाल्यालाही आण म्हणाली. आम्ही गेलो तर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर नळ चमकत होता आणि ती उगीचच तो उघडून बंद करत होती. न्हाव्याची बायको आली होती, पलीकडची शिंपीण आली होती. फलकावर दुरुस्त यादी लागली होती आणि तिच्याखाली, नियमाप्रमाणे, कारण छापलं होतं: कर्मचाऱ्याची चूक. गल्लीने ते वाचलं होतं.

"या," ताई त्यांना हाताला धरून सगळ्या बायकांपुढे घेऊन गेली. "हा बघा माझा भाऊ. चूक झाली होती त्याच्या हातून. मुद्दाम नव्हतं काही, नुसती चूक. स्वतः लिहून दिलं त्याने." मग त्यांच्याकडे वळली आणि तिचे डोळे भरून आले. "मेल्या, मला वाटलं होतं तू मला टाकलंस. पंधरा दिवस झोप नाही मला. साधी चूक होती तर त्या दिवशीच सांगायचं नाही का?"

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं, की अहो, चूक त्यांची नव्हती, या माणसाची रेघ केसभरही चुकली नव्हती, चुकलं ते एका कप्प्यातलं वर्तुळ आणि त्याला कुलूप लावणारे. एक वाक्य पुरलं असतं. काटेकोररावांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान अगदी थोडी हलवली. मी तोंड मिटलं.

"सांगायला हवं होतं, ताई," ते म्हणाले. "चुकलंच माझं."

"पहिल्यापासून धांदरट," ती म्हणाली, आणि नळाखाली पेला भरून तिने पहिल्यांदा त्यांच्या हातात दिला.